चार बोटं माती

पहिला घाव गुणाजीकाकांनी घातला, तो आमच्या बांधाच्या मातीत. दुसरा माझ्या नवऱ्याने घातला, आणि तो मातीत नव्हता.

फावड्याचा दांडा काकांच्या उजव्या खांद्यावर बसला. वारा एवढा घोंघावत होता, तरी हाड मोडल्याचा आवाज मला दहा हातांवरून ऐकू आला. काका गुडघ्यांवर आले, पण त्यांनी फावडं सोडलं नाही.

"लवू, मेल्या, माका मारतंस? खांद्यार घेऊन फिरवलंय तुका!"

"बांधाक हात लावशीत तर परत मारीन."

"मग मार! नायतर बाजूक हो. माझ्या बांधावरून पाणी आत येता हा. तुझो बांध चार बोटां वर आसा, तो माका कापूक होयो."

श्रावणातल्या अमावस्येची दुपार होती. भरती पुरी व्हायला अजून तास-दीड तास होता आणि पाणी आत्ताच बांधाच्या माथ्याशी आलं होतं. तीन दिवस पश्चिमेचा वारा पडला नव्हता. बेलजुव्याची सातही घरं बांधावर उभी होती, ज्याने त्याने आपापला वाटा धरून. भरतीत आपला वाटा सोडायचा नाही हा तिथला नियम, त्यामुळे ही मारामारी सोडवायला कोणी येणार नव्हतं. लांबून नुसती ओरड ऐकू येत होती.

बेलजुवा म्हणजे खाडीच्या तोंडावरचं आमचं बेट. बेट कसलं, पसरट परात ती. कडेने मातीचा बांध, आत भाताची खाचरं, आणि मधल्या जराशा उंचवट्यावर सात घरं आणि एक विहीर. चहूकडे खारं पाणी आणि त्या विहिरीत गोडं. तेवढ्या एका विहिरीच्या जोरावर माणसं तिथे राहत होती. समुद्र एकदा आत आला की विहीर गेली, आणि विहीर गेली की जुवा गेला, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आमच्या उत्तरेला अशीच दोन बेटं होती. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांच्यावर वाळलेले माड तेवढे उभे होते.

पाणी दरवर्षी चढत होतं. मामंजींच्या आजोबांच्या वेळी बांध गुडघ्याएवढा होता, वडिलांच्या वेळी कमरेएवढा, आणि आता तो माझ्या छातीला लागत होता. सरकारी माणसं होडीतून यायची, पाण्याच्या उंचीच्या खुणा करायची आणि 'पलीकडे जागा देतो, उठा' असं सांगून चहा पिऊन जायची. एकोणीस घरांपैकी बारा उठलीही. मामंजी उठणाऱ्यांतले नव्हते.

"पाणसळ समान आसा तोवर जुवो बुडाचो नाय," असं ते म्हणायचे.

पाणसळ म्हणजे सुपारीचं लांब खोड उभं चिरून, आतून कोरून केलेली पन्हळ. शिमग्यानंतर सगळे आपापल्या वाट्यावर खाडीतली माती चढवत, आणि मग ही पन्हळ दोन वाट्यांच्या सांध्यावर ठेवून तिच्यात पाणी ओतायचं. पाणी दोन्ही टोकांच्या खुणांना लागलं म्हणजे बांध समान. कारण साधं होतं. उधाणाचं पाणी सगळ्या बांधावरून पातळ गेलं तर बांध टिकतो, आणि एकाच सखल जागेवरून गेलं तर तिथे कापत जाऊन फुटतो. म्हणून कोणी शेजाऱ्यापेक्षा उंच व्हायचं नाही. झालाच, तर शेजाऱ्याने येऊन तो बांध छाटायचा आणि मालकाने हूं की चूं करायचं नाही. मात्र छाटण्याआधी पाणसळ लावायची.

एकतीस वर्षं ती पाणसळ माझ्या सासऱ्यांच्या, बुधाजींच्या हातात होती. पंचायत म्हणा, कोर्ट म्हणा, देव म्हणा, बेलजुव्यावर ते म्हणतील ती उंची.

आणि त्यांच्याच बांधावर गुणाजीकाका फावडं घेऊन चढले होते.

पश्चिमेला तोंड करून दोनच वाटे होते, एक आमचा, एक काकांचा. वारा त्या दोघांवरच लाटा आणून आदळत होता. काकांच्या वाट्यावरून पाणी सांडायला लागलं होतं. चंद्राकाकी, त्यांची बायको, एकटीच तिथे रेतीची पोती रचत होती आणि शिव्या देत होती. आमच्या वाट्याचा माथा कोरडा होता.

मामंजी धावत आले. सत्तरीचा माणूस, पण चिखलात पाय रोवून चालण्यात कोणाला हार जायचा नाही.

"गुणाजी, खाली उतर. पाणसळ लावल्याशिवाय बांधाक फावडा लागाचा नाय."

"ह्या वाऱ्यात पाणसळ लावतलंस, बुधाजी? डोळे फुटले काय तुझे? समुद्र हीच पाणसळ! बघ. माझ्याकडे वरून येता हा आणि तुझ्याकडे सुका."

"तुझो बांध खचलो आसा. शिमग्याक तू चार दीस उशिरा माती घातलंस. ओली माती बसली."

"खचलो नाय. तू चढवलंस."

"मी?"

मामंजींचा चेहरा मी त्यापूर्वी तसा कधी पाहिला नव्हता. कोणी थोबाडीत मारली असती तरी त्यांना इतकं लागलं नसतं.

"तूच. पाणसळीवालो तू, तुका कोण विचारतलो? रातचो माती चढवलंस आणि आमका बुडवक बसलंस."

लवूने दांडा पुन्हा उचलला. काकांचा उजवा हात लोंबत होता, पण डाव्या हाताने त्यांनी कमरेच्या आकडीतला कोयता काढला आणि न बघताच फिरवला. लवूच्या दंडातून रक्त उडालं. ते माझ्या तोंडावर आलं, गरम. मी किंचाळले. लवू मागे कोसळला आणि बांधाच्या आतल्या उतारावरून घसरत खाचरात गेला. मी त्याच्यामागे उडी मारली, पदर फाडला आणि दंड आवळून बांधला. जखम एवढी उघडी होती की आतलं पांढरं दिसत होतं. लवू दात आवळून एकच वाक्य बोलत होता, "बाबांक सांभाळ, बाबांक सांभाळ."

मी वर पाहिलं. मामंजी आणि गुणाजीकाका समोरासमोर उभे होते. एकाच्या हातात फावडं, दुसऱ्याच्या हातात कोयता. पन्नास वर्षं त्यांनी एका होडीतून जाळं टाकलं होतं.

मग मामंजींनी फावडं खाली टेकवलं. बांधाच्या कोपऱ्यावर राखणदाराचा शेंदूर लावलेला दगड होता, त्याच्याकडे त्यांनी उजवा हात केला.

"राखणदाराची शपथ, गुणाजी. फाल्गुनात पाणसळ धरलंय, त्याच्या उपरांत माझ्या बांधावर मातीची एक टोपली चढूक नाय. चढली आसात तर माझो वंश बुडांदे."

बेलजुव्यावर त्या शपथेच्या पुढे काही नव्हतं. काकांचा कोयता खाली आला. क्षणभर तेही गोंधळले. बुधाजी खोटी शपथ घेणार नाही हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

एक नाही, नव्वद टोपल्या चढल्या होत्या. त्या मी चढवल्या होत्या.

आता ऐकून घ्या. माझं माहेर डोंगरात. तिथे प्रत्येकाने आपल्या शेताचा बांध जपायचा, वाढवायचा, आणि ज्याचा बांध उंच त्याची शेती चोख, असा हिशेब. पाणी वरून खाली जातं, समुद्र कोणी पाहिलाय! मी बेलजुव्यावर आले त्या पहिल्या पावसाळ्यात उधाणाचं पाणी बांधाच्या माथ्याखाली एक वीत राहिलेलं मी पाहिलं, आणि त्यानंतर सहा महिने मला धड झोप लागली नाही. मला पोहता येत नव्हतं. लवू माझी चेष्टा करायचा, "डोंगरातली म्हस पाण्याक भियेता." सासू नव्हती. मन मोकळं करायला चंद्राकाकी होती, पण तिच्याशीही मी हे बोलले नाही. शिमग्यानंतर पाणसळ लागली, बांध समान ठरला, आणि चैत्रात मी ओहोटीला चिखलातले मुळे, म्हणजे शिंपले, काढायला जायला लागले. येताना टोपलीत वर मुळे आणि खाली माती. रोज तीन टोपल्या, महिनाभर. पसरून, थापून, वर गवताची ढेकळं लावून. रोज पाहणाऱ्याला रोजची वाढ दिसत नाही. पावसाळा आला, गवत वाढलं आणि सगळं एकजीव झालं.

नियम मला माहीत होता. पण मला वाटलं, चार बोटांनी काय होतंय? खरं सांगायचं तर आपण किती हुशार, असंच मला वाटलं होतं.

तर त्या दुपारी मी खाचरात गुडघाभर चिखलात उभी होते, नवऱ्याचं रक्त माझ्या हातांना लागलेलं, आणि वर मामंजी शपथ घेऊन उभे होते. एक वाक्य बोलायचं होतं. 'मामंजी, माती मी घातली.' एवढंच. ते बोलले असते तर मामंजींनी स्वतःच्या हाताने बांध छाटला असता, पाणी दोन्ही वाट्यांवरून पातळ गेलं असतं, खारं लागून थोडं भात जळलं असतं, संपलं असतं.

मी तोंड उघडलंही. पण लवू माझ्याकडे पाहत होता, काकी तिकडून पाहत होती, आणि शपथेतला 'वंश' तर माझ्याच पोटात वाढणार होता. मला बेटाची काळजी वाटली नाही, काकांची वाटली नाही. मला फक्त सगळ्यांसमोर उघडं पडायची भीती वाटली. मी मूग गिळून उभी राहिले.

तेवढ्यात काकीची किंकाळी आली.

"अवो, फुटता हा! बांध फुटता हा! धावा!"

त्यांच्या वाट्याच्या मधोमध पाण्याने एक खाच पाडली होती. पोतं ठेवावं तर पोतं वाहून जात होतं. काकी आडवी पडून स्वतःचं अंग त्या खाचेत घालायला बघत होती. ते पाहिल्यावर गुणाजीकाकांना शपथही दिसेना आणि देवही दिसेना. त्यांनी कोयता टाकला, डाव्या हाताने फावडं उचललं आणि आमच्या बांधाच्या माथ्यात घातलं. एक, दोन, तीन. मोडक्या खांद्याने तो माणूस रडत रडत माती उपसत होता.

"काप तो, बुधाजी! माझ्यावांगडा, मिळान काप! अजून येळ आसा!"

"शपथ घेतलंय मी!" मामंजी ओरडले. "माझी शपथ खोटी करतंस?"

"खोटीच आसा ती!"

मामंजींचं फावडं वर गेलेलं मी पाहिलं. ते त्यांनी आडवं धरलं नाही. पातं खाली करूनच आणलं. ते काकांच्या मानेत, कानाच्या खाली बसलं. काका ओरडले नाहीत. त्यांनी मान वळवून मामंजींकडे पाहिलं, काहीतरी विचारायचं राहिलंय असं, आणि ते बांधावरून बाहेरच्या बाजूला, पाण्यात गेले. एक लाट आली, तिने त्यांना बांधावर आपटलं. दुसरी आली ती त्यांना घेऊन गेली.

मामंजी फावडं धरून तसेच उभे राहिले.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. काकीच्या वाट्याचा वीस हात तुकडा एकदम बसला आणि खाडी आत आली. तिचा लोंढा नव्हता, भिंत होती, मातकट, फेसाळ. मी लवूला काखेत धरून घराकडे ओढत होते आणि पाणी माझ्या पोटऱ्यांना, मांड्यांना, कमरेला लागत होतं. कोणाच्या तरी गोठ्यात बांधलेली म्हैस ओरडत होती, मग ओरडायची थांबली. पाण्याने विहिरीचा कठडा गाठला तेव्हा एक गडगड आवाज आला, घागर भरल्याचा असतो तसा, फक्त कितीतरी मोठा. सगळी बायामाणसं तो आवाज ऐकत उंचवट्यावर उभी राहिली. कोणी रडलं नाही. रडणं नंतर आलं.

चंद्राकाकीला दोघांनी धरून आणलं होतं. ती सुटली आणि माझ्या अंगावर आली. माझे केस धरून तिने माझं डोकं ओट्याच्या दगडावर दोनदा आपटलं. माझ्या भुवईवरची ही खूण त्यातलीच.

"माझ्या घोवाक खाल्लात तुमी! सगळ्यांनी मिळान खाल्लात!"

मी हात वर केला नाही. तिने अजून चार वेळा आपटायला हवं होतं.

ओहोटीला काकांचं प्रेत काकीच्याच मोडक्या बांधाशी चिखलात सापडलं. कोणीतरी होडीने पलीकडे जाऊन पोलिसांना कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते यायचे होते.

पोलीस यायच्या आधी मामंजींनी पाणसळ काढली. त्यांना कोणी अडवलं नाही आणि कोणी मदतही केली नाही. लवू तापाने फणफणत पडला होता. मामंजींनी मला हाक मारली. "वैजू, पाणी घेऊन ये गो."

मी घागर घेऊन गेले. त्यांनी पन्हळ आमच्या वाट्याच्या दुसऱ्या सांध्यावर, पलीकडच्या शेजाऱ्यांच्या, सातोश्यांच्या बाजूला ठेवली. तो बांध धड उभा होता. मी पाणी ओतलं. पाणी सातोश्यांच्या टोकाकडे धावलं आणि बाहेर सांडलं. मामंजींनी त्या टोकाखाली एकेक बोट घालत, पाणी समान होईपर्यंत मोजलं. मग पन्हळ उचलून काकांच्या वाट्याचा जो तुकडा शिल्लक होता तिकडे नेली. तिथेही तेच झालं. पाणी काकांकडे धावलं.

सगळा बेलजुवा एका उंचीला होता. आम्ही तेवढे चार बोटं वर होतो.

मामंजी बांधावर खाली बसले. मग म्हणाले, "वैजू, शिमग्याक पाणसळीत पाणी तूच वतलं होतंस."

"होय."

"माझ्या डोळ्यांक पयल्यासारखा दिसणा नाय. तुझे डोळे तरणे आसत." त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं. "खरा सांग. तेव्हा पाणी समान होता? समान होता तर मागसून कोणीतरी माती चढवल्यान. आणि समान नव्हता तर माझीच पाणसळ चुकली. एकतीस वर्सां धरलंय आणि चुकली. काय ता सांग. मी पोलिसांक तसाच सांगतलंय."

खाडीत पोलिसांची होडी दिसायला लागली होती.

शिमग्याला पाणी समान होतं. दोन्ही खुणांना केसाचाही फरक नव्हता. मामंजींची पाणसळ जन्मात कधी चुकली नव्हती. मी ओतलं होतं, मी पाहिलं होतं.

"नाही, मामंजी," मी म्हटलं. "जरासं कलतं होतं. मला वाटलं, तुम्हाला दिसलं असेल."

त्यांनी मान हलवली. पुष्कळ वेळ हलवत राहिले. मग पाणसळ उचलली, गुडघ्यावर ठेवून मोडायला गेले, पण सुपारीचं खोड चिवट, ते मोडेना. शेवटी त्यांनी ती खाडीत टाकून दिली.

"बरा झाला सांगलंस," ते म्हणाले. "नायतर मी कोणावर तरी संशय धरून मेलं असतंय."

होडी लागली. सहा घरांची माणसं आणि चंद्राकाकी समोर असताना मामंजींनी हवालदाराला सांगितलं, "गुणाजी खरो होतो. नजर माझी चुकली, शपथ माझी खोटी, आणि माणूसय मीच मारलंय." काकी त्यांच्या तोंडावर थुंकली. त्यांनी ते पुसलं नाही. हात बांधून घेतले आणि होडीत जाऊन बसले.

विहिरीला उरलेल्या पावसातही गोडं पाणी आलं नाही. दिवाळीपर्यंत बेलजुवा रिकामा झाला. आम्हाला पलीकडे रस्त्याच्या कडेला दोन गुंठे मिळाले. चंद्राकाकी भावाकडे गेली आणि त्याच वर्षी वारली. मला दोन मुलगे झाले, दोघंही धडधाकट. राखणदार एक तर बहिरा असावा, नाही तर हिशेब कोणाचा ते त्याला नीट कळत असावं.

मामंजी तुरुंगातच चौथ्या वर्षी वारले. शेवटच्या भेटीला मी गेले नाही, अंगात ताप आहे म्हटलं. लवू गेला. परत आला तेव्हा त्याचे डोळे सुजले होते. मी पाणी दिलं आणि विचारलं, काय म्हणाले.

"तुझीच चौकशी करी होते," लवू म्हणाला. "म्हणाले, वैजूक जप. आपल्या घरात माझ्या तोंडार खरा बोललेला ता एकलाच."

लवू हे अजूनही चारचौघांत सांगतो, अभिमानाने सांगतो. तो सांगायला लागला की मी चहा टाकायला आत जाते.